कथेतला ‘मी’ आणि कथेतला ‘तो’

(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी स्वतः लिहून दिले आहे.)



मंडळाने आम्हाला ‘साहित्य आणि समाज’ हा विषय दिला होता. विषय मोठा आहे आणि आम्ही बँकेतले कारकून आहोत. मराठी घेऊन बी.ए. झालो, चार-सहा कथा छापून आल्या, एवढीच आमची साहित्यसेवा. म्हणून मोठ्या विषयाला हात न घालता एका लहान प्रश्नावर बोलण्याची परवानगी आम्ही अध्यक्षांकडून घेतली आहे.

हा प्रश्न आपल्याच अभ्यासिकेतल्या एका विद्यार्थिनीने विचारलेला आहे. मंडळाच्या हस्तलिखितासाठी आलेल्या कथा आम्ही वाचत होतो. तिने आपली कथा दिली आणि म्हणाली, “सर, यात मी ‘मी’ लिहिलंय. ते काढून ‘ती’ करू का? मैत्रीण म्हणते, ‘मी’ लिहिलं की खरं वाटतं. कॉलेजातले सर म्हणतात, ‘ती’ लिहिलं तरच ते साहित्य होतं.” त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. आज प्रयत्न करतो.

व्याकरणाच्या पुस्तकात ‘मी’ला प्रथमपुरुष म्हणतात आणि ‘तो, ती, ते’ यांना तृतीयपुरुष. कथेतले पात्रच आपली हकिकत सांगत असेल तर ते प्रथमपुरुषी निवेदन. सांगणारा कथेच्या बाहेर उभा राहून पात्रांविषयी सांगत असेल तर ते तृतीयपुरुषी. परीक्षेला एवढे पुरते. लिहायला बसल्यावर मात्र पुरत नाही.

‘मी’ लिहिले की खरे वाटते, ही पहिली समजूत घेऊ. मित्रहो, आम्ही रोज ‘मी’ लिहितो आणि तो बहुधा आमचा नसतो. काउंटरवर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे अर्ज आम्ही भरून देतो. ‘मी, खाली अंगठा करणार, लिहून देते की’ अशी सुरुवात. एकदा एक आजी मयत नवऱ्याच्या खात्यातली रक्कम मिळावी म्हणून आल्या होत्या. आम्ही सरावाने लिहून गेलो, ‘माझे पती अल्पशा आजाराने मयत झाले.’ आजी म्हणाल्या, “काय लिवलंस ते वाचून दाव.” वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “अल्पसा कुठला रं बाबा? तीन वर्सं हातरुणात व्हते. म्या असं कवा म्हनले?” आम्ही ते शब्द खोडले. कागदावर ‘मी’ होता, खाली अंगठा उमटणार होता आणि तरीही त्यात आजी नव्हत्या. तेव्हा ‘मी’ या अक्षराने लेखन आपोआप खरे होत नाही, हे आम्ही साहित्यात नाही, काउंटरवर शिकलो.

मग ‘मी’ने काय मिळते? ते पाहण्यासाठी बाबुराव बागुलांकडे जाऊ. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली आला. शीर्षककथेत रेल्वेच्या नोकरीवर आलेला तरुण जात लपवून राहतो. शेवटी ती उघड होते आणि त्याला मार बसतो. ही कथा ‘मी’ सांगतो. आता विचार करा, हीच हकिकत ‘तो’ वापरून लिहिली असती तर? माणसे त्याला मान देतात, जवळ बसवतात, हे सगळे बाहेरून दिसले असते. पण ‘मी’ असल्यामुळे पहिल्यापासून गुपित दोघांनाच ठाऊक असते, त्याला आणि वाचकाला. कोणी साधे आपुलकीने काही विचारले तरी वाचकाच्या छातीत धस्स होते. वाचक कोणत्याही जातीचा असो, तेवढी पाने वाचेपर्यंत त्याला ती जात लपवून राहावे लागते. ही किमया ‘मी’ची आहे. गुपित, भीती, आतल्या आत चाललेला संवाद, हे जिथे कथेचे मूळ असेल तिथे ‘मी’ला तोड नाही.

‘मी’ची दुसरी देणगी भाषेची. आपल्याकडे तृतीयपुरुषी कथेत फार काळ एक रीत चालत आली. पात्रांनी गावची बोली बोलायची आणि निवेदकाने शहरची प्रमाणभाषा. म्हणजे सांगणारा वर, ओट्यावर, आणि पात्रे खाली, अंगणात. ‘मी’ आला की हा ओटा मोडतो. आनंद यादवांची ‘गोतावळा’ आणि रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’, या दोन्ही कादंबऱ्या १९७१ सालच्या. ‘गोतावळा’त शेतावरचा गडी स्वतःच्या बोलीत सगळी कादंबरी सांगतो. ‘पाचोळा’त एका शिंप्याची बायको पार्वती मराठवाड्याच्या बोलीत संसाराची वाताहत सांगते. तिथे बोली अवतरण चिन्हात कोंडलेली नाही. तीच कादंबरीची भाषा आहे.

कोणी विचारील, बोराडे पुरुष आणि सांगणारी पार्वती, हे कसे चालते? चालते. मराठीत तर हे विशेष अवघड आहे, कारण आपल्या क्रियापदातच स्त्री-पुरुष कळतो. ‘मी गेलो’, ‘मी गेले’. इंग्रजीत लेखकाला दोन-चार पाने तरी लपता येते, मराठीत पहिल्याच क्रियापदाला पकडला जातो. हरिभाऊ आपटे यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून लिहिली तेव्हा एकोणिसाव्या शतकाचे शेवटचे दशक चालू होते. त्या काळात एका पुरुषाने पानोपानी ‘मी गेले, मी रडले’ असे लिहून यमुना या विधवेची कहाणी तिच्याच तोंडून सांगितली. म्हणजे दुसऱ्याचा ‘मी’ लिहिता येतो. लिहूच नये असे आमचे म्हणणे नाही. अट एवढीच की, आजींचा अर्ज भरल्यासारखा तो लिहू नये.

आता ‘तो’कडे वळू. अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ सालची, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. ती ‘तो’ वापरून लिहिलेली आहे आणि ती तशीच हवी. त्यात आधी फकिराचा बाप राणोजी येतो, जोगणी आणताना मारला जातो आणि मग मुलाची हकिकत सुरू होते. दोन पिढ्या, सारा गाव आणि इंग्रज सरकार, एवढे सगळे एका माणसाच्या डोळ्यांत मावत नाही. दुसरे असे की, शूर माणसाने ‘मी शूर’ म्हणणे कानाला बरे लागत नाही. त्याचे शौर्य दुसऱ्याने सांगावे लागते. ज्यांच्या शौर्याची नोंद सरकारी दप्तरात दरोडेखोर म्हणून झाली, त्यांच्याविषयी कोणीतरी बाहेर उभे राहून ठाम आवाजात सांगण्याची गरज होती. ते काम अण्णाभाऊंच्या ‘तो’ने केले.

पण मराठीतला ‘तो’ वाटतो तितका तटस्थ नाही. इकडे विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. आपल्या भाषेत तृतीयपुरुष लिहायचा म्हणजे प्रत्येक पात्राला ‘तो’ म्हणायचे की ‘ते’, ‘ती’ म्हणायचे की ‘त्या’, हे ठरवावे लागते. समजा, तुम्ही लिहिलेत, ‘पाटील आले, कुलकर्णी बसले आणि महार उभा राहिला.’ वाक्यात कोणालाही शिवी नाही, कोणावर टीका नाही. तरी सांगणारा कोणत्या बाजूला उभा आहे, ते क्रियापदांनी सांगून टाकले. ‘मालकीणबाई आल्या, मोलकरीण आली.’ ‘साहेब म्हणाले, शिपाई म्हणाला.’ आपलीच मुले, शिकलेली मुले, अशी वाक्ये लिहितात, कारण वाचनात तीच आली. तेव्हा कोणी ‘मी बाहेर उभा राहून निःपक्षपातीपणे सांगतो’ असे म्हणेल तर त्याच्या कथेतली क्रियापदे तपासावीत. यावर उपाय म्हणून सगळ्यांना आले-गेले करा, असे नाही. आईला आपण ‘आई आली’च म्हणतो, ते प्रेमाचे. आपण कोणाला एकेरीत बोलवतो आणि का, याचे भान मात्र असले पाहिजे.

मित्रहो, इथवर पुस्तकातले सांगितले. आता आमच्या चुकीविषयी सांगतो, कारण विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यात आहे.

आमचे थोरले बंधू, ज्यांना घरात आम्ही दादा म्हणतो, आमच्याहून दहा वर्षांनी मोठे. घरात ‘दादा आला’ असेच म्हणतो, म्हणून इथेही एकेरीच बोलतो. दादाला एका तालुक्याच्या गावी नोकरी लागली. खोली मिळेना. आमचे आडनाव गावाच्या नावावरून पडलेले, त्यावरून जात कळत नाही. एका घरमालकाने विचारले तेव्हा दादाने खोटे सांगितले आणि खोली मिळाली. बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत कपड्यांच्या खाली ठेवली. असे वर्षभर चालले.

१९९८ साली परीक्षेसाठी आम्ही त्याच्याकडे गेलो. संध्याकाळची वेळ होती. घरमालकाची माणसे ओसरीवर बसलेली. आम्ही दारात उभे राहिलो आणि घरी म्हणतो तसे मोठ्याने म्हणालो, “दादा, जय भीम.” ओसरीवर शांतता झाली. आत दादा स्टोव्हपाशी उभा होता. तो क्षणभर काही बोलला नाही. मग म्हणाला, “जय भीम. ये आत.” चौथ्या दिवशी आमचे सामान बाहेर होते. मारहाण झाली नाही, शिवीगाळ झाली नाही. पाणी भरू दिले नाही आणि एवढेच म्हणाले, “तुम्ही आम्हाला फसवलंत.”

पुढे सात-आठ वर्षांनी आम्ही ही कथा लिहिली. बागुलांच्या कथेने झपाटलेले होतो, म्हणून ‘मी’ वापरून लिहिली. कथेतला ‘मी’ म्हणजे दादा. दारात जय भीम म्हणणारा कोण? तिथे आम्ही लिहिले, ‘गावाकडचा एक नातेवाईक.’ आणि तो जो क्षणभर गप्प राहिला, त्या क्षणात आम्ही दीड पान विचार घातले. पिढ्यान्‌पिढ्यांचे दुःख, स्वाभिमान, क्रांतीची ठिणगी, सगळे. कथा एका दिवाळी अंकात छापून आली. पत्रे आली. बँकेतल्या एका सहकाऱ्याने आमचा हात धरून म्हटले, “तुमच्यावर असा प्रसंग आला होता, कधी बोलला नाहीत.” आणि आम्ही, खरे सांगतो, ‘तो मी नव्हे’ असे म्हणालो नाही.

दादाने अंक वाचला. दोन दिवस काही बोलला नाही. मग एवढेच म्हणाला, “तू बँकेत आहेस. दुसऱ्याच्या खात्यावरून पैसे काढले तर काय होतं?” आम्ही म्हणालो, “दादा, कथा आहे ती. नाव कुठं आहे तुझं?” तो म्हणाला, “नावाचं नाही रे. तू माझ्या डोक्यात दीड पान घातलंस. तेव्हा माझ्या डोक्यात त्यातलं काही नव्हतं. स्टोव्हवर दूध होतं, ते उतू जाईल एवढंच होतं. आणि दारात जय भीम म्हणणारा नातेवाईक कोण, ते का नाही लिहिलंस?”

मित्रहो, हा प्रश्न आमच्या मनातून आजतागायत गेलेला नाही. आमची चूक दादाचा ‘मी’ लिहिला ही नव्हती. आपट्यांनी यमुनेचा लिहिला, बोराड्यांनी पार्वतीचा लिहिला. आमची चूक ही की, दादाच्या ‘मी’च्या मागे आम्ही स्वतः लपलो. त्या घटनेत आमचा भाग होता. जय भीम म्हणण्यात आमचे काही चुकले, असे आम्हाला वाटत नाही, दादालाही वाटत नाही. पण त्या दोन शब्दांची किंमत दादाने भरली, आम्ही परीक्षा देऊन घरी आलो. हे लिहायला जड जात होते. म्हणून आम्ही नातेवाईक झालो आणि दादाचे दुःख आमच्या नावावर जमा केले. बागुलांच्या कथेत गुपित ज्याचे, तोच ते सांगतो. आमच्या कथेत गुपित दादाचे होते आणि सांगणारे आम्ही.

मग आम्ही ती कथा पुन्हा लिहायला घेतली. आधी सगळीकडे ‘तो’ केला. ‘तो दारात आला, तो स्टोव्हपाशी उभा होता.’ कथा नेटकी झाली पण थंड पडली. वर्तमानपत्रातल्या बातमीसारखी, कोणाचेच काही गुंतलेले नाही. तिसऱ्या खेपेला रस्ता सापडला. ‘मी’ ठेवला, पण तो धाकट्या भावाचा. दादा झाला ‘तो’. आता दादाच्या डोक्यात काय चालले होते, ते सांगण्याचा अधिकारच उरला नाही. दीड पान आपोआप गेले. राहिली फक्त दारातून दिसलेली दादाची पाठ, स्टोव्हचा आवाज आणि ती शांतता. जे ठाऊक नव्हते ते ठाऊक नसल्यासारखेच राहिले, आणि कथा पहिल्यापेक्षा जड झाली.

असा तिसरा मार्ग असतो, हे आपल्या थोरांच्या लेखनात आधीच होते, आम्हालाच दिसले नव्हते. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. ते आत्मकथन, कथा नव्हे. तरी त्यात दया पवारांना दगडू मारुती पवार भेटतो आणि आपली हकिकत सांगतो. स्वतःचेच जगणे सांगायचे, तरी शिकलेल्या दयाला वस्तीतला दगडू थोडा दूर उभा करून पाहावा लागला. बेबीताई कांबळे यांनी फलटणला दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून लिहिले. १९८६ साली पुस्तक आले ते ‘जिणं आमुचं’. माझे जिणे नव्हे, आमुचे. मराठीत ‘आपण’ म्हटले की ऐकणारा आत येतो, ‘आम्ही’ म्हटले की तो बाहेर राहतो. बेबीताई आपल्या माणसांच्या घोळक्यात उभ्या राहून बाहेरच्याला सांगतात, आमचे असे होते. आम्हीही भाषणात ‘आम्ही’ म्हणतो, पण ती नुसती सवय. बेबीताईंच्या ‘आमुचं’मध्ये सगळा महारवाडा आहे.

आणि बाबासाहेब? ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्यांचे छोटे लेखन त्यांच्या हस्ताक्षरात होते. ते १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने छापले. अस्पृश्यता काय असते ते परक्या माणसाला कसे समजवावे, असा तिथे प्रश्न आहे. बाबासाहेबांनी प्रसंग निवडले. १९०१ सालचा लहानपणीचा प्रवास, बडोद्याला राहायला जागा न मिळणे, हे स्वतःचे, म्हणून ‘मी’. पण ते तिथेच थांबले नाहीत. काठेवाडातल्या एका शिक्षकाची बायको डॉक्टरने हात न लावल्यामुळे दगावली, तो प्रसंग त्यांनी स्वतःच्या शब्दांत रंगवून लिहिला नाही. त्या शिक्षकाचे १९२९ साली छापून आलेले पत्रच पुढे ठेवले. जे माझे ते मी सांगतो, जे त्याचे ते त्याच्या तोंडून. ही कथा नव्हे, पण कथा लिहिणाऱ्याने हा हिशेब शिकून घ्यावा. कोणती रक्कम कोणाच्या खात्यातली, ते त्यात चुकलेले नाही.

आता त्या विद्यार्थिनीला उत्तर देतो. बाळ, ‘मी’ लिहिल्याने खरे होत नाही आणि ‘ती’ लिहिल्याने साहित्य होत नाही. लिहिण्याआधी स्वतःला विचार, हे घडले तेव्हा मी कुठे उभी होते? अनुभव तुझा असेल आणि आतली घालमेल सांगायची असेल तर ‘मी’ लिही, लाजू नको. पण त्या ‘मी’ला स्वतःच्या चुका दिसू देत. नुसता सोसणारा ‘मी’ वाचकाला चार पानांत कंटाळवाणा होतो. खूप माणसे असतील, मोठा काळ असेल, तर ‘ती’ लिही. मग कोणाला ‘आली’ म्हटलेस आणि कोणाला ‘आल्या’, ते पेन्सिलने खुणा करून तपास. आणि अनुभव दुसऱ्याचा असेल, तू जवळून पाहिला असशील, तर पाहणाऱ्याचा ‘मी’ करून बघ. ठरत नसेल तर पहिले पान दोन्ही तऱ्हांनी लिही. एका तऱ्हेत लिहिणे सोपे जाईल, दुसऱ्या तऱ्हेत कुठेतरी हात अडखळेल. जिथे अडखळेल तिथे थांबून पाहा. बहुधा कथा तिथेच असते.

शेवटी एक सांगून आपली रजा घेतो. तिसऱ्या खेपेची कथा छापायला देण्याआधी आम्ही दादाला वाचून दाखवली. त्याने डोळे मिटून ऐकली. मग म्हणाला, “आता ठीक आहे. पण दूध शेवटी उतू गेलंच होतं, ते घाल.” आम्ही ते वाक्य घातले. कथेत तेवढे एक वाक्य दादाच्या खात्यातले आहे, आणि ते त्याच्या सहीने काढलेले आहे.



जय भीम.